उंबऱ्याबाहेरच्या चपला

अक्का,

तुमच्या तेराव्याला मी काय केलं ते एव्हाना तुमच्यापर्यंत पोचलं असेल. तुमच्या सोयगावच्या मामी असल्या बातम्या पोचवायला कावळ्याचीसुद्धा वाट बघत नाहीत. पण त्यांनी सांगितलेलं निम्मं खरं असतं आणि उरलेलं फोडणीचं. तेव्हा माझ्याकडून ऐका. तुमच्या नावानं दान करायला आणलेला चपलांचा जोड मी दानाच्या ताटाशेजारून उचलला आणि भाऊजींच्या पायात घातला. गुरुजी पाटावर, तुमच्या लेकाच्या, संदीपच्या हातात पळी, भिंतींना पाठ लावून बसलेले पाहुणे, सगळ्यांच्या देखत. मला त्याचं वाईट वाटत नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा घालीन.

आता सगळं क्रमानं सांगते. तुम्ही म्हणायच्या ना, "हिला शिंका आल्या तरी आधी रांगेत उभ्या करील."

आम्ही दोघी जावा एका घरात राहतो, एकाच गॅसवर स्वयंपाक करतो, असं मी कंपनीत सांगितलं की बायका पहिला प्रश्न विचारायच्या, पटतं का? मी सांगायची, नाही पटत. पटत नाही म्हणूनच चाललंय. पटलं असतं तर दोघींनी मिळून आळस केला असता. गारखेड्याच्या या घरात मी नवी आले तेव्हा मी डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, मीठ, साखर, हरभरा डाळ. तुम्ही एकेक चिठ्ठी वाचलीत आणि म्हणालात, "मीठ हाय का नाय ते डब्याला विचारायचं व्हय?" शेंद्र्याच्या कंपनीत मी स्टोअर सांभाळते, याला तुम्ही कधी काम मानलंच नाही. "वस्तू जागच्या जागी ठेवायची नोकरी? मग मी तर साहेबच झाले असते." मी संध्याकाळी घरात पाऊल टाकलं की तुमची हाक यायची, "आल्या सुपरवायझर बाई. चला, सगळ्यांनी नीट बसा."

ती हाक आता येत नाही. मी दारात क्षणभर थांबते आणि मग स्वतःच नीट बसते.

तुम्ही गेल्यावर भेटायला आलेल्या बायकांनी दोनच वाक्यं आणली होती. पहिलं, "भाग्याची. सवाष्ण गेली." भाऊजी तिथंच खुर्चीवर बसलेले असायचे. जिवंत माणसाला तोंडावर सांगायचं की तुम्ही मागं राहिलात हेच तिचं भाग्य, आणि वर चहाचा कप मागायचा. दोन-चार वेळा मी कप भरून दिला. मग दारातच सांगायला लागले, आत या, बसा, चहा घ्या, पण ते भाग्याचं वाक्य चपलांबरोबर बाहेर ठेवून या.

दुसरं वाक्य होतं, "शेवटी पायानंच नेलं." हे मी प्रत्येक वेळी दुरुस्त केलं. पायानं नाही नेलं. हृदय बंद पडलं. "एकच की गं," तुमच्या मामी म्हणाल्या. एक नाही, मामी. साखर दोन्हीकडं काम करत होती हे खरं, पण पायाची लढाई अक्का जिंकत आल्या होत्या. जखम तुरीच्या डाळीएवढी उरली होती. जिंकत आलेल्या माणसाला हरलेल्यांच्या रांगेत मी उभं करू देणार नाही.

तुमच्या पायांचं या घरात कौतुक तरी किती होतं. उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया घालायच्या म्हणजे चपला खाली जिन्यात. वाळवणात चप्पल चालत नाही, हे कुणी कुणाला सांगायचीही गरज नव्हती. गव्हाचा चीक शिजवून पातेलं वर न्यायचं, सोऱ्या भरायचा, आणि तापलेल्या गच्चीवर जुन्या साड्या अंथरून पाडत जायचं. आम्ही सगळ्या ओल्या पोत्यावरून पोत्यावर उड्या मारायचो. शेजारच्या मुली तर पाय भाजून किंचाळायच्या. तुम्ही मात्र मोकळ्या गच्चीवर सावकाश चालायच्या, पदर खोचून, तुळशीला पाणी घालायला निघाल्यासारख्या. "नाचा, नाचा," आम्हाला म्हणायच्या. "तुमचे पाय लोण्याचे. आमच्या सोयगावच्या मातीत पाय भट्टीत भाजूनच मिळतात." आम्ही हसायचो. सुनांना, लेकींना दाखवायचो, बघा, अक्कांचे पाय म्हणजे लोखंड.

आधी तुम्हीही आमच्यासारख्याच नाचायच्या, हे कुणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं. साखर निघाल्यानंतर हळूहळू तुमचं नाचणं थांबलं, आणि आपण सगळ्यांनी त्याला ताकद म्हटलं.

गेल्या उन्हाळ्यातला तो दिवस. संध्याकाळी स्वयंपाकघराच्या फरशीवर ओले डाग दिसले. तुम्हाला वाटलं चीक सांडला. फडक्यानं पुसलंत. पुन्हा दिसले. तुम्ही पुढं चालत होता आणि मागं डाग उमटत होते. मी म्हटलं, "अक्का, थांबा. पाय उचला." नाल बघायला घोड्याचा पाय धरतात तसा मी तुमचा पाय उलटा करून हातात धरला. उजव्या तळव्याची बोटांखालची सगळी कातडी फुगून फुटली होती.

"दुखतंय का?"

"कुठं काय?" तुम्ही म्हणालात, आणि मान वळवून स्वतःच्या तळव्याकडं असं पाहिलंत, जणू तो शेजाऱ्यांचा होता आणि चुकून आपल्या घरी आला होता.

हळद-तूप झालं, कोरफड झाली. बाकीचे म्हणत होते भाजलंय, बरं होईल, चार दिवस थांबू. मी थांबले नाही. रिक्षा बोलावली. तुम्ही रिक्षात बसेपर्यंत भांडत होता, आणि बसल्यावर रिक्षावाल्याला सांगत होता, "सावकाश घे भाऊ, घाई हिला हाय, मला नाय."

दवाखान्यातली ती तपासणी मी कधीच विसरणार नाही. डॉक्टरीणबाईंनी एक बारीक नायलॉनचा धागा घेतला, ब्रशच्या केसासारखा ताठ. म्हणाल्या, "डोळे मिटा. पायाला टोचलं की हो म्हणा." तुम्ही डोळे घट्ट मिटले. "हो." थोड्या वेळानं, "हो." मग पुन्हा, "हो." माझ्याकडं बघत डॉक्टरीणबाईंनी धागा टेबलावर ठेवून दिला. तुमचं चालूच होतं. "हो. हो."

"अक्का," त्या म्हणाल्या, "मी हाताची घडी घालून बसलेय."

तुम्ही एक डोळा उघडलात. "मग आधी सांगायचं ना बाई. मला वाटलं परीक्षा हाय. एखादा सुटून जायला नको म्हणून सगळ्यांनाच हो म्हटलं."

डॉक्टरीणबाई हसल्या, मीही हसले. मग त्यांनी गंभीर होऊन सांगितलं की दुखत नाही हेच तुमचं दुखणं आहे. साखरेनं पायाच्या नसा बधिर झाल्या आहेत, खडा रुतला, चटका बसला, चप्पल घासली तरी पाय कळवणार नाही. म्हणून रोज डोळ्यांनी बघायचं. आणि बाहेर तर नाहीच, पण घरातसुद्धा अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही.

तुम्ही सगळं ऐकलंत. खरंच सगळं. चहातली साखर सोडलीत, पोळी कमी केलीत, ड्रेसिंगला कधी कंटाळला नाहीत. मेलेली कातडी कापून काढताना इतर पेशंट तोंड फिरवायचे, तुम्ही वाकून बघायच्या, "तिकडं थोडी राह्यली." संध्याकाळी मी घरी आले की पाय माझ्यापुढं करायच्या, "घ्या सुपरवायझर बाई, माल तपासून घ्या." मऊ तळाच्या चपला आणल्या, त्या घालून न्हाणीघरात, गॅलरीत, हॉलमध्ये ऐटीत फिरायच्या. फक्त स्वयंपाकघराचा उंबरा आला की चपला बाहेर. तुम्ही आत, अनवाणी. आत कोपऱ्यात देव्हारा, ओट्यावर अन्न. तिथं चप्पल नाही म्हणजे नाही.

आपण किती भांडलो यावरून. मी दुसरा नवा जोड आणला, साबणानं धुऊन तुमच्यापुढं ठेवला. "ही बाहेर गेलेलीच नाही. हिला रस्ताच माहीत नाही. ही फक्त स्वयंपाकघराची."

"चप्पल ती चप्पल," तुम्ही म्हणालात. "धुतली म्हणून तिचा काय पाट होतो?"

"अन्नपूर्णा काय म्हणेल, एवढंच ना? ती म्हणेल, माझ्या घरात राबणाऱ्या बाईचा पाय शाबूत राहू दे."

"तुला येऊन सांगितलं व्हय तिनं? कंपनीत भेटली वाटतं."

आणि मग मी ते काढलं. मी या घरात आले तेव्हा पाळीच्या दिवसांत बाहेर बसायची रीत होती. पहिल्याच महिन्यात मी चटईवर गॅलरीत बसले होते. तुम्ही आलात, चटई गुंडाळलीत आणि म्हणालात, "ऊठ. कणीक मळ. देवाला बाईचं रक्त नवं नाय." सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. तुम्ही त्यांच्यापुढं ताट ठेवत राहिलात आणि मला आतच ठेवलंत. या घरात मला जागा मिळाली ती त्या दिवशी. लग्नात नव्हे. तेच मी तुम्हाला सुनावलं, "माझ्यासाठी एवढा मोठा नियम मोडलात. स्वतःच्या पायासाठी हा एवढासा मोडवत नाही?"

तुम्ही भाजी निवडत होता. वर न बघता म्हणालात, "तो नियम दुसऱ्यावर लादलेला होता, रेखा. हा माझा माझ्यावर हाय."

तुम्ही मेथीची काडी मोडलीत आणि हसलात.

पुढं पाय सुजला. जोडवं बोटात रुतायला लागलं. ड्रेसिंगच्या खोलीत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे आजच काढायला हवं. चपलांवरून माझ्याशी चेष्टेनं भांडणाऱ्या तुम्ही तिथं एकदम पाय आखडून घेतलात. "नवरा बाहेर बसलाय माझा. त्याच्या जिवंतपणी जोडवं उतरवू?" मी काही बोलणार, तेवढ्यात दारातून भाऊजी आत आले. जन्मात तुमच्यापुढं आवाज न चढवलेला माणूस. म्हणाले, "मी जिवंत आहे म्हणूनच सांगतोय. काढ." सिस्टरनं लहानशी कात्री घेऊन जोडवं कापलं. भाऊजींनी दोन्ही तुकडे रुमालात बांधून खिशात ठेवले. परतताना रिक्षात तुम्ही त्यांना म्हणालात, "एवढं बोलता येतं तर आधी का नाय बोललात?" ते म्हणाले, "आधी तू थांबत कुठं होतीस?"

ते बोट काही वाचलं नाही. काळं पडत गेलं आणि काढावं लागलं. तुम्ही शुद्धीवर आल्यावर पहिलं काय विचारलंत? "बाकीचे हायत ना जागेवर? मोज."

घरी आल्यावर मी शेवटचं सांगितलं. चपला घालून आत जा, नाहीतर आत जाऊच नका. पण अनवाणी पाऊल यापुढं नाही. मला खात्री होती तुम्ही पहिलं निवडाल. आयुष्यभर जिथं उभी राहिली ते स्वयंपाकघर कोणती बाई सोडेल? तुम्ही रात्रभर विचार केला असेल. सकाळी चपला घातलेल्या पायांनी आलात, हॉलमधली प्लास्टिकची खुर्ची ओढत आणलीत आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर ठेवून बसलात. "बरं," म्हणालात. "आत येत नाय. चल, कांदा चीर. बारीक."

तेव्हापासून तुम्ही त्या खुर्चीतून राज्य केलंत. "जिरं जळतंय." "मीठ नाय पडलं, वासावरून सांगते." "वरणाला उकळी आली, कान कुठं हायत तुझे?" पाहुण्यांना वाटायचं अक्का आता आरामात आहेत. नैवेद्याचं ताट भाऊजी तुमच्या हातून घ्यायचे, आत नेऊन ठेवायचे, आणि तुम्ही उंबऱ्याबाहेर चपला घालून उभ्या राहून हात जोडायच्या. ज्या बाईनं मला बाहेरून उठवून आत आणलं, ती स्वतः बाहेर उभी. अक्का, हा आपला वाद अर्धा राहिला आहे. पायाला तुमचा निर्णय मानवला, हे मी मान्य करते. मला नाही मानवला. मला पायही हवा होता आणि तुम्ही ओट्याशी उभ्याही हव्या होता. दोन्ही मागणं काही फार नव्हतं.

पण जखम भरत गेली. तुम्ही तिचं माप तुमच्या पद्धतीनं सांगायच्या. सिस्टर कागदी पट्टी लावून सेंटिमीटर लिहायची आणि तुम्ही तिला म्हणायच्या, "लिंबाएवढी होती, आता सुपारी झाली बघ." मग सुपारीचा हरभरा झाला. काही आठवडे हरभरा जागचा हललाच नाही, तेव्हा तुम्ही पहिल्यांदा चिडलात. पायावर नाही, माझ्यावर. "एवढं बसून बसून माझं ढुंगण बधिर झालं, त्याला कोणता धागा लावतेस?" पुन्हा बसलात. शेवटच्या ड्रेसिंगला सिस्टर म्हणाली, "अक्का, आज काय म्हणायचं?" तुम्ही पायाखाली धरलेल्या आरशात तळवा बघितलात. "तुरीची डाळ," म्हणालात. "तीपण फुटकी."

त्यानंतर आठवडाही गेला नाही. सकाळी खुर्चीत बसल्या बसल्या घाम फुटला, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. मी त्यावर आणखी काही लिहिणार नाही.

तुम्हाला न्यायच्या आधी बायका सवाष्णीचा साज करत होत्या. हिरवा चुडा, कुंकू, मळवट. कुणीतरी नवी जोडवी आणली. डाव्या पायात घातली आणि उजव्या पायाशी हात थांबला. बोटच नव्हतं. एकीनं विचारलं, शेजारच्या बोटात घालायची का? दुसरी म्हणाली, अशुभ दिसेल. कुजबुज सुरू झाली. मी म्हटलं, "एकाच पायात राहू द्या. दुसऱ्या पायानं द्यायचं ते देऊन झालंय. त्याच्याकडं आता कुणी काही मागायचं नाही." आणि तो पाय मी स्वतः पुसला, तळव्यापासून. तुम्हाला सांगते अक्का, डाळ आणखी लहान झाली होती.

आता तेरावं.

उन्हाळा परत तोच. कावळ्याचं पान ठेवायला सगळे गच्चीवर गेले. जिन्यात चपलांचा ढीग. पानात मी तुमच्याच हातच्या कुरडया तळून वाढल्या होत्या, गेल्या वर्षीच्या, त्याच दिवशीच्या. गच्ची तापलेली. संदीप पान ठेवून टाचांवर पळत सावलीला आला. पाहुणे एक पाय वर, एक पाय खाली. गुरुजी शहाणे, ते आधीच पोत्यावर उभे राहिले होते. आणि भाऊजी कठड्याशी, उघड्या उन्हात, हात जोडून शांत उभे. दोन्ही पाय सपाट टेकलेले.

"बघा," मामी हळूच म्हणाल्या, "दुःखात माणसाला उन्हाचंही भान राहत नाही."

मला ते उभं राहणं ओळखीचं होतं. असं सावकाश, असं सपाट मी अनेक उन्हाळे पाहिलं होतं आणि त्याला लोखंड म्हटलं होतं. भाऊजींनाही साखर आहे, तुमच्या नंतर लगेचच निघालेली. पण तुमच्या पायाकडं बघता बघता त्यांच्या पायाकडं त्यांनी स्वतःच कुणाला बघू दिलं नव्हतं. मी जाऊन त्यांचा हात धरला. मोठ्या दिराचा हात आयुष्यात पहिल्यांदा धरला.

"भाऊजी, खाली चला."

"कावळा येऊ दे."

"येईल तो. त्याला पंख आहेत. तुम्ही चला."

खाली आणून त्यांना खुर्चीत बसवलं, तुमच्याच. तळवे लालभडक झाले होते, फोड नव्हते. "भाजलं का?" मी विचारलं.

"कुठं काय?" ते म्हणाले.

अक्का, तुमचे शब्द. तोच सूर.

तिकडं गुरुजींनी दानाची तयारी मांडली होती. गादी, तांब्या, छत्री, काठी आणि चपला. चपला मीच आणल्या होत्या. दुकानदार म्हणाला दानाला कोणतीही चालते. मला चालत नव्हती, मी मऊ तळाची घेतली, आणि घालणार गुरुजी म्हणून पुरुषाच्या मापाची. गुरुजी सगळ्यांना समजावून सांगत होते की पुढची वाट तापलेली असते, काट्यांची असते, गेलेल्या जिवाचे पाय पोळू नयेत म्हणून हे पादत्राण द्यायचं. सगळे माना हलवत होते. गेलेल्याच्या पायांची एवढी काळजी, आणि दोन हातांवर जिवंत माणूस पोळलेले तळवे घेऊन अनवाणी बसलेला. मी उठले. जोड उचलला. खाली बसले आणि भाऊजींच्या पायात घातला, आधी उजवा, मग डावा. थोडा सैल होता.

मामी म्हणाल्या, "अगं, दानाची वस्तू! परत घेतात का कुठं?"

गुरुजींनी संदीपच्या हातातल्या पळीकडं बघितलं. "संकल्पाचं पाणी अजून सोडलेलं नाही," ते म्हणाले. "तोपर्यंत वस्तू घरचीच."

"आणि अक्कांनी अनवाणी जायचं?"

"मामी," मी म्हटलं, "अक्का कुठल्या चांगल्या जागी चपला घालून आत गेल्यात का आजवर? त्या पहिल्याच दाराशी काढून ठेवतील, आणि तिथल्या माणसांना चपला घेऊन त्यांच्या मागं फिरत बसावं लागेल. छत्री द्या. ती मोठी आहे, सावली पायांपर्यंत पुरेल."

कोणीतरी हसलं. मी वळून पाहिलं तर भाऊजी होते. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी त्यांना डॉक्टरीणबाईंकडं नेलं. तोच धागा, तेच डोळे मिटणं. तुमच्याइतके ते हुशार नाहीत, अक्का. धागा टोचत होता आणि ते डोळे मिटून गप्प बसले होते. एकदाही हो म्हटलं नाही. डॉक्टरीणबाई माझ्याकडं बघत राहिल्या. पण जखम नाही, हे ध्यानात घ्या. एकसुद्धा नाही. या वेळी आपण आधी पोचलोय. रोज संध्याकाळी मी त्यांचे तळवे तपासते. त्यांना अजून लाज वाटते, पेपर तोंडापुढं धरून पाय पुढं करतात.

चपला घालून ते घरभर फिरतात, एका जागेचा अपवाद सोडून. सकाळचा चहा ते स्वतः करतात, तुम्हाला माहीतच आहे. उंबऱ्यापाशी येतात, तुमच्या खुर्चीशेजारी चपला काढतात आणि अनवाणी आत जायला निघतात. पहिल्या दिवशी मी आडवी आले. चहा मी करून दिला. दुसऱ्या दिवशीही. पण रोज मी पुरणार नाही, आणि मी कंपनीत गेल्यावर ते काय करतात ते मला ओट्यापाशी सांडलेल्या बिस्किटांच्या चुऱ्यावरून कळतं.

"भाऊजी, चपला घालूनच आत जायचं."

"ती रागावेल."

"रागावू द्या."

"तसं नको," ते म्हणाले. "तू विचार तिला. तुमचं दोघींचं जमायचं. ती हो म्हणाली तर जाईन."

माणूस चेष्टा करत नव्हता. रोज सकाळी विचारतात, विचारलंस का? मी सांगते, विचारते. म्हणून हे लिहायला बसले, नाहीतर मला असल्या लिखाणाला वेळ नसतो हे तुम्ही जाणता.

तर विचारते. तुमचा नियम तुमचा तुमच्यावर होता, हे तुम्हीच म्हणाला होता मेथी निवडताना. तो मी शेवटपर्यंत तुमच्याकडून मोडून घेऊ शकले नाही, आणि आता त्या वादात तुम्ही कायमच्या पुढं राहाल. राहा. पण तो भाऊजींवर गेला की दुसऱ्यावर लादलेला नियम होतो. आणि दुसऱ्यावर लादलेल्या नियमाचं काय करायचं ते तुम्ही मला पहिल्याच महिन्यात शिकवलंत, चटई गुंडाळून.

उत्तराची वाट बघत मी थोडा वेळ बसले. तुमच्या खुर्चीतून काही आवाज आला नाही. डब्यांवरच्या माझ्या चिठ्ठ्या तेवढ्या समोर दिसत होत्या.

आज सकाळी भाऊजी उंबऱ्याशी आले, थांबले. "विचारलंस?"

"विचारलं."

"काय म्हणाली?"

डोळे मिटून, काही टोचलेलं नसताना ठणकावून बोलायचं मी तुमच्याकडूनच शिकले आहे. मी म्हटलं, "हो म्हणाल्या."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग खाली, पायांकडं. आणि चपलेसकट उजवा पाय उचलून आत ठेवला.